इफ्तारची वेळ अ‍ॅपला कुठे ठाऊक?

गुरुकुंज मोझरीत राहणाऱ्याला रमजानच्या महिन्यात घड्याळाची फारशी गरज पडत नाही. दिवस मावळतीला आला की आश्रमात सामुदायिक प्रार्थनेची तयारी सुरू होते आणि त्याच सुमारास आमच्या घरात दस्तरखान अंथरला जातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभा केला, तेव्हापासून संध्याकाळची ही वेळ गावाने देवाच्या नावाने राखून ठेवलेली आहे. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाजही तेव्हाच. तिकडे लोक रांगेने बसतात, इकडे आम्ही खजूर हातात धरून अजानची वाट पाहतो.

त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं आमच्याकडे फार गडबडीची असतात. अम्मी एका ताटलीत भजी, फळांच्या फोडी, दोन खजूर ठेवते, वर स्वच्छ रुमाल घालते आणि शेजारच्या काकूंकडे पाठवते. या रुमालाला आमच्या उर्दूत खानपोश म्हणतात. पोहोचवणारं घरातलंच लहान पोर. ताटली रिकामी परत येत नाही हे वाचकांना सांगायला नको; ती रीत दोन्ही घरांची आहे. कधी साखर येते, कधी शेतातले सोले, काहीच नसलं तर गुळाचा खडा.

हे सगळं सांगायचं कारण एक प्रकल्प. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावा लागतो आणि अलीकडे दरवर्षी कुणी ना कुणी हाच विषय आणतो : जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचे ग्राहक कसे वागतात, त्यांना कोणत्या सोयी आवडतात. खरं सांगायचं तर हे प्रकल्प वाचताना मला जांभई येते. प्रश्नावली ठरलेली. तुम्ही आठवड्यातून किती वेळा ऑर्डर करता? सवलत महत्त्वाची की वेळ? ऑर्डर कुठवर आली ते नकाशावर दिसणं तुम्हाला आवडतं का? पुढे रंगीत वर्तुळं, त्यांचे तुकडे आणि शेवटी ‘ग्राहक समाधानी आहेत’. बरीचशी मुलं मागच्या वर्षीच्या प्रकल्पातली वर्तुळं फिरवून घेतात, हे आम्हा शिक्षकांनाही माहीत असतं.

गेल्या वर्षी मात्र मोझरीच्याच एका मुलाने हा विषय घेतला. त्याने प्रश्नावली दाखवली तेव्हा पहिल्याच पानावर मी थांबले. त्याने विचारलं होतं : ‘ऑर्डर दिल्यावर तुम्ही दर किती वेळाने फोन पाहता?’ आणि त्याखाली : ‘मुलगा दारात आल्यावर त्याला पाणी विचारता का?’

मी म्हटलं, “अरे, यातून अ‍ॅपबद्दल काय कळणार?”

“मॅडम, म्या संध्याकाळी तेच काम करतो जी,” तो म्हणाला. “लोकं फारमात काय लिहितात अन् दारात काय करतात, मले दोन्ही दिसते.”

मला ते ठाऊक नव्हतं. दुपारी वर्गात, संध्याकाळी अमरावतीत मोटारसायकलवर, रात्री महामार्गाने मोझरीला परत. तीस-पस्तीस किलोमीटर.

त्याच्या म्हणण्यात संशोधनाचा मोठा मुद्दा आहे. माणसाला विचारलं तर तो आपल्याला शोभेल असं उत्तर देतो. म्हणूनच या कंपन्या नुसत्या प्रश्नावल्यांवर विसंबत नाहीत, बोटांकडे पाहतात. तुम्ही काय शोधलंत, कुठल्या चित्रावर थांबलात, कितव्या रुपयाला ऑर्डर अर्धवट सोडून बाहेर पडलात, याची नोंद होत असते. एकच पडदा काही लोकांना एका रूपात आणि काहींना दुसऱ्या रूपात दाखवतात आणि कुठे जास्त ऑर्डर येतात ते बघतात. २०२३ साली स्विगीने आणि पाठोपाठ झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरवर दोन रुपयांचं ‘प्लॅटफॉर्म शुल्क’ लावलं. दोन रुपयांसाठी कोण अ‍ॅप बंद करणार? कुणी केलं नाही, आणि ते शुल्क नंतर वाढत गेलं. याला ग्राहकाची पसंती म्हणायचं की सवय, हा प्रश्न मी वर्गात टाकते तेव्हा मुलं हसतात.

रमजानात मात्र बोटांकडे पाहणाऱ्या या यंत्राची पंचाईत होते. एरवी जेवणाची वेळ लवचीक असते. साडेआठला येणारं जेवण पावणेनऊला आलं तर आपण कुरकुरतो आणि खातो. रोजेदाराचं तसं नाही. पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही आणि सूर्य मावळला की उशीर न करता रोजा सोडायचा, अशी शिकवण आहे. ही वेळ रोज मिनिट-अर्ध्या मिनिटाने सरकते. मशिदीतून किंवा दुकानांतून वाटलं जाणारं वेळापत्रकाचं कार्ड आमच्या प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटलेलं असतं. दुपारचा माल उरला तर तो पाच वाजता विकता येतो. इफ्तारचा समोसा अजाननंतर वीस मिनिटांनी आला तर त्याचं अर्धं काम संपलेलं असतं. पठाण चौक, इतवारा, नागपुरी गेट या भागांत त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. ज्याला चालत जाऊन आणता येतं तो आणतो. बाकीचे, म्हणजे नोकरीहून उशिरा परतणारे, एकटे राहणारे विद्यार्थी, आजारी माणसाच्या उशाशी बसलेले, फोन काढतात. सगळ्यांना एकाच मिनिटाला हवं असतं.

अ‍ॅपला यातलं पोहोचतं ते इतकंच की सहाच्या सुमारास ऑर्डरी वाढल्या. त्यासाठी ते मुलांना जादा पैशांचं आमिष दाखवतं, ग्राहकाकडून गर्दीचा आकार घेतं. पण बरोबर सहा सत्तावीसच्या आत पोहोचायचं आहे आणि सहा अठ्ठावीस हा उशीर आहे, हे त्याला कोण सांगणार?

माझ्या विद्यार्थ्याने यावर स्वतःचा उपाय काढला होता. त्याच्या मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये, जिथे मुलं देवाचा किंवा क्रिकेटपटूचा फोटो ठेवतात, तिथे अमरावतीचं इफ्तारचं वेळापत्रक घडी करून ठेवलेलं होतं. एका ग्राहकाच्या घरातल्या आजीने दिलं होतं म्हणे. हा मुलगा हिंदू. पत्ता पाहायचा, कार्ड पाहायचं, दोन ऑर्डरी एकदम हातात असल्या तर आधी कुणाच्या दारात जायचं ते ठरवायचं. अ‍ॅप सांगे पहिली साईनगरची दे. हा आधी रोजेदाराची देई आणि साईनगरच्या माणसाला फोन करून सांगे, “दादा, दहा मिनिटं उशीर होते, रोजा सोडाचा हाय एका घरी.” बहुतेक जण ‘हो हो’ म्हणत. एकाने तक्रार केली. ती त्याच्या नावावर लागली.

प्रकल्पात हे कुठे लिहायचं, असं त्याने मला विचारलं होतं. ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली बसेना, ‘मर्यादा’ या मथळ्याखालीही बसेना. शेवटी आम्ही ‘निरीक्षणे’ असा एक वेगळा मथळा केला.

आता माझं स्वतःचं एक निरीक्षण, जे मी त्याला सांगितलं नाही. गेल्या रमजानात परीक्षेच्या कामामुळे मी काही दिवस अमरावतीला बहिणीकडे राहत होते. एका दिवशी दोघी उशिरा घरी आलो, स्वयंपाक काही नाही, म्हणून फोनवरून ऑर्डर केली. नकाशावर तो छोटासा स्कूटर हॉटेलजवळच उभा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. अजान झाली. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला, नमाज पढून झाली आणि मग बेल वाजली. मी पिशवी घेतली, एक शब्द बोलले नाही, दार लावलं आणि खाण्याआधी फोनवर दोन तारे दिले. पाचपैकी दोन.

तारे कसे काम करतात हे मला नंतर प्रकल्प तपासताना नीट कळलं. इफ्तारच्या वेळी हॉटेलच्या काउंटरवर अशी वीस-वीस मुलं उभी असतात. आतून पार्सल निघत नाही तोवर त्यांना हलता येत नाही. उशीर भट्टीपाशी होतो आणि ग्राहकाला तो रस्त्यावर झालेला दिसतो. हॉटेलचे तारे वेगळे आणि आणणाऱ्याचे वेगळे, अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण भुकेल्या माणसाला तेवढा फरक करायला कुठली सवड? तारे घसरले की पुढच्या ऑर्डरी कमी येतात, असं ही मुलं सांगतात. पेट्रोल त्यांचं, गाडी त्यांची. त्या संध्याकाळी दारात आलेला मुलगा कोण होता, त्याचा रोजा होता का, त्याने तो कुठे आणि कशावर सोडला, हे मी पाहिलंच नाही. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला रोजेदाराइतकंच पुण्य लाभतं, ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. रोज्याचा उद्देश भुकेल्याची भूक कळावी हा, असं याच पानांवर दरवर्षी कुणीतरी लिहितं. मीही लिहिलं आहे.

दिलेले तारे परत घ्यायचे म्हणून मी दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडून बसले होते. मला तरी ती जागा सापडली नाही.

सोयींची गोष्ट निघालीच आहे तर एक जुनं प्रकरण आठवतं, कारण तेही रमजानातलंच. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं की शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळी सोय होईल : फक्त शाकाहारी हॉटेलं दिसतील आणि जेवण आणणारी मुलंही वेगळी असतील, त्यांचे गणवेश आणि पेट्या हिरव्या रंगाच्या. कंपनीच्या मते ही ग्राहकांनीच मागितलेली सोय होती. त्यावर एकच गहजब झाला. दुसऱ्याच दिवशी गोयल यांनी हिरवा गणवेश मागे घेतला. सोय राहील, पण सगळी मुलं लालच कपडे घालतील असं सांगितलं. त्यांनी दिलेलं कारण विचार करण्यासारखं होतं. लाल कपड्यातला मुलगा म्हणजे मांस आणणारा असा अर्थ निघून एखाद्या सोसायटीने त्याला फाटकावरच अडवलं तर? आणि कुणाच्या दारात कोणत्या रंगाचा मुलगा आला हे घरमालकाने पाहिलं तर भाडेकरूचं काय?

घर भाड्याने शोधलेल्या कुठल्याही मुस्लिम कुटुंबाला हे शेवटचं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. पण मी शाकाहारी ग्राहकाला दोष देणार नाही. आपल्या ताटात काय यावं आणि कुठल्या भांड्यात शिजावं याची काळजी करणं हा त्याचा हक्क आहे. आम्हीही नवीन हॉटेलात शिरताना ‘हलाल आहे ना?’ असं विचारतो, आणि पाटीवरचं नाव वाचून मालक कोण असेल याचा अंदाज बांधतो. हे इथे कबूल करायला हवं. प्रश्न भांड्यापाशी थांबतो की पिशवी धरणाऱ्या हातापर्यंत जातो, एवढाच आहे.

तो हातापर्यंत गेलेलाही आपण पाहिला आहे. जुलै २०१९ च्या शेवटी, श्रावणात, जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण आणणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि दुसरा मुलगा मागितला. कंपनीने मुलगा बदलायला नकार दिला, आणि गोयल यांनी अशा ग्राहकाचा धंदा गेला तरी चालेल अशी भूमिका घेतली. देशभर त्यांचं कौतुक झालं, विरोधही झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, बकरी ईदच्या सुमारास, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात पोहोचवणाऱ्या मुलांनी काम बंद केलं. गोमांस आणि डुकराचं मांस वाहून नेण्याची सक्ती नको, ही त्यांची मागणी होती आणि त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते. जबलपूर लोकांच्या लक्षात राहिलं, हावडा फारसं नाही. ग्राहकाच्या आवडीनिवडीसाठी पडद्यावर दहा बटणं असतात. नेणाऱ्याच्या आवडीनिवडीसाठी एकही नव्हतं, हे त्या मुलांनी रस्त्यावर उतरून सांगितलं.

मुंबईचे डबेवाले या बाबतीत किती सुखी म्हणायचे! महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या त्या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं असतात : कुठल्या स्थानकावरून आला, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. आत काय आहे, ते त्या खुणांत नसतं. मावळातला माळकरी वारकरी कुणाच्याही घरचा डबा खांद्यावर घेतो आणि संध्याकाळी रिकामा डबा त्याच घरी परत नेऊन देतो. तारे नाहीत, नकाशा नाही. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास लिहिला, तो आमच्या मुलांना शिकवतानाही मला हीच खूण नेहमी महत्त्वाची वाटते.

या मुलांची संख्या आता लहान राहिलेली नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा ‘गिग’ कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात पहिल्यांदा नाव दिलं. संहिता २०२० ची, लागू झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. गेल्या डिसेंबरात नाताळला आणि ३१ तारखेला त्यांनी संप केला. मागण्यांत एक होती, दहा मिनिटांत पोहोचवण्याची घाई बंद करा. जानेवारीत केंद्रीय कामगार मंत्र्यांच्या सांगण्यावरून ब्लिंकिटने जाहिरातीतली ‘दहा मिनिटं’ काढून टाकली. जाहिरातीतून निघाली म्हणजे रस्त्यावरून निघाली का, हे त्या मुलांनाच विचारावं.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबर साहेबांची शिकवण प्रत्येक मुसलमानाला पाठ असते. आमच्या मोझरीत तर श्रमाबद्दल वेगळं सांगायची सोयच नाही. ग्रामगीतेत ‘श्रमसंपत्ती’ नावाचा अध्याय आहे आणि तो आश्रमाच्या आवारात वाढलेल्या पोरांनाही ठाऊक असतो. तरी मी दोन तारे दिले ते दिलेच.

यंदाचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. मी घरीच आहे. इथे माझ्या फोनवर अ‍ॅप उघडलं तर ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ असं येतं, त्यामुळे मोह होण्याचा प्रश्नच मिटला. अम्मीची ताटली रोज जाते. गेल्या आठवड्यात काकूंनी ती भरून परत पाठवली तेव्हा सोबत निरोप होता : “मिरची कमी घालत जा म्हणा, यांले ठसका लागते.” या घरातही ग्राहकाची पसंती अशी थेट कळते.

तो विद्यार्थी पदवीधर झाला. नोकरी शोधतो आहे आणि तोवर संध्याकाळचं काम चालू आहे. पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर भेटला. मोबाइलचं कव्हर उघडून मागच्या वर्षीचं कार्ड दाखवलं. घडीवर फाटलेलं, आकडे पुसट.

“मॅडम, यंदाचं भेटेल का?”

मी पर्समधून काढून दिलं.

“अजून एक हाय का जी?” तो म्हणाला. “नवीन पोरगा लागला संगं. त्याले काहीच माहीत नाही.”

दुसरं नव्हतं. त्याने तिथेच माझ्या कार्डाचा फोटो काढून त्या पोराला पाठवला आणि मूळ कार्ड जपून कव्हरमध्ये ठेवलं. अमरावतीची गाडी लागली होती, म्हणून आमचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं.